तुमच्या आजोबांच्या मागचं काही ठाऊक आहे का?

मार्च १८४८. इलिनॉयमधून पहिल्यांदाच निवडून आलेला एकोणचाळीस वर्षांचा एक काँग्रेस सदस्य वॉशिंग्टनहून एका अनोळखी माणसाला पत्र लिहितो. पत्ता असा: डेव्हिड लिंकन, स्पार्टा, रॉकिंगहॅम काउंटी, व्हर्जिनिया. माझे वडील रॉकिंगहॅममध्ये जन्मले, त्यांचे वडील अब्राहम १७८२ च्या सुमारास तिथून केंटकीला गेले; तेव्हा आपण एकाच घराण्यातले आहोत का, एवढंच त्याला विचारायचं होतं. पत्राखाली सही अब्राहम लिंकनची.

आठ-दहा दिवसांतच उत्तर येऊन पोचलं. डेव्हिडच्या वडिलांचा भाऊ अब्राहम केंटकीला गेला होता, आणि १८०१ किंवा १८०२ साली डेव्हिडने स्वतः त्याच्या कुटुंबाला केंटकीतल्या वॉशिंग्टन काउंटीत पाहिलं होतं. २ एप्रिलला लिंकन उलट लिहितात की आता शंका उरली नाही, तुमचे काका आणि माझे आजोबा एकच. लगोलग पुढचा प्रश्न: तुमच्या घराण्याचं, म्हणजे आता आपल्या घराण्याचं म्हणायला हरकत नाही, तुमच्या आजोबांच्या मागचं काही ठाऊक आहे का?

या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर छापून आलं १८८७ मध्ये. लिंकनना जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

वंशशोध कसा करावा हे सांगायला लोक घरचे दाखले देतात. मला हे प्रकरण जास्त उपयोगाचं वाटतं. यात घरातली आठवण आहे, गावाच्या आणि काउंटीच्या इतिहासाची पुस्तकं आहेत, शेताच्या कडेची कबरस्तानं आहेत, जळालेलं दप्तर आहे आणि चुकीच्या कचेरीत घालवलेली वर्षंही आहेत. शिवाय माणूस इतका मोठा की त्याच्या घराण्याचा प्रत्येक चिटोरा दहा जणांनी तपासून पाहिला आहे.

आधी काउंटीबद्दल. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्याय वही काढून चार-पाच पिढ्यांची नावं वाचून दाखवतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारात येऊन वंशावळ म्हणतो. अमेरिकेत पिढ्या सांभाळणारा असा कुणी नाही. तिथे सांभाळते ती काउंटी. आकाराने साधारण आपल्या तालुक्याएवढी, पण लग्नाची नोंद, मृत्युपत्र, जमिनीचं खरेदीखत, पोरक्या मुलांचा पालक नेमणं, हे सगळं तिच्या कोर्टात. नियम एकच आणि तो कडक: ज्या दिवशी कागद झाला त्या दिवशी ती जागा ज्या काउंटीत होती, त्याच काउंटीच्या दप्तरात तो राहतो. वस्ती वाढली की काउंट्या फुटत गेल्या. जुनी दप्तरं मात्र मूळ कचेरीतच राहिली. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. पालघरच्या माणसाने १९५० चा कागद शोधायचा तर डोक्यात ठाणे जिल्हाच ठेवायला हवा, तसंच हे. लिंकनच्या घराण्याने दीडशे वर्षांत सहा-सात मुलूख बदलले, आणि त्यांच्या पायाखालच्या हद्दीही बदलत राहिल्या.

घरात काय शिल्लक होतं

फार थोडं. लिंकनचे वडील थॉमस लहानपणीच पोरके झाले, नव्या मुलखात गरिबीत वाढले, शाळा अशी शिकले नाहीत. आपल्याला घराण्याची माहिती नाही ती यामुळेच, असं लिंकननी १८४८ च्याच मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅमच्या सॉलोमन लिंकनना लिहिलं आहे. या सॉलोमननी १८२७ मध्ये हिंगहॅम गावाचा इतिहास छापला होता. न्यू इंग्लंडात, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या बाजूच्या राज्यांत, असली दप्तरं आणि असले इतिहास काउंटीपेक्षा गावाच्या नावाने होतात, एवढाच फरक. हिंगहॅममध्ये सतराव्या शतकापासून लिंकन आडनावाची घरं होती, म्हणून हे आपल्यातले का, अशी चौकशी सॉलोमनकडून आली होती.

घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी चारच. पहिली: आजोबा अब्राहम व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीला आले. दुसरी: दोन-एक वर्षांनी, १७८४ च्या सुमारास, शेतात काम करताना इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवासी, लोकांनी त्यांना मारलं, आणि थोरला मुलगा मॉर्डेकाय याने बंदूक आणून मारेकऱ्यांपैकी एकाला टिपलं. तिसरी: त्याआधीचे पूर्वज क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते आणि पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीतून व्हर्जिनियात आले. चौथी गोष्ट म्हणण्यापेक्षा योगायोग. हिंगहॅमच्या लिंकन मंडळींत आणि आपल्या घरात नावं तीच: एनॉक, लीव्हाय, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम.

डिसेंबर १८५९ मध्ये, अध्यक्षपदासाठी नाव पुढे येत असताना, लिंकननी स्वतःची छोटी माहिती लिहून दिली. तिच्यात हिंगहॅमशी नातं लावायच्या प्रयत्नातून नावांच्या सारखेपणापलीकडे काही हाती लागलं नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. मला हा माणूस इथे फार आवडतो. मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या, प्रतिष्ठित घराण्याला आपली दोरी बांधायची आयती संधी होती. निवडणूक तोंडावर होती. त्याने मोह केला नाही.

साखळी धरणारे

आजोबांच्या खुनाच्या गोष्टीपासून सुरुवात करू, कारण ती लिंकनच्या मनावर सगळ्यात खोल कोरलेली होती. टेनेसीतल्या एका नातलगाला १८५४ मध्ये लिहिताना ते म्हणतात की आजोबांचा मृत्यू आणि चौदा वर्षांच्या मॉर्डेकायकाकांनी घेतलेला सूड ही दंतकथा इतर सगळ्या कथांपेक्षा माझ्या स्मरणात पक्की बसली आहे. शब्द त्यांनी वापरला आहे तो दंतकथाच.

केंटकीच्या जेफरसन काउंटीच्या नोंदवहीत एक मोजणीचा कागद आहे. ७ मे १७८५. लाँग रन नावाच्या ओढ्यावरची ४०० एकर जमीन, १७८० साली व्हर्जिनिया सरकारकडून (केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता) पैसे भरून घेतलेल्या हक्कावर मोजून दिलेली. मालकाचं नाव अब्राहम लिंकहॉर्न. खाली मोजणीत हजर असलेल्यांची नावं: मोजणीची साखळी धरणारे अनानाया लिंकन आणि जोसाया लिंकन, खुणा करणारा अब्राहम लिंकहॉर्न.

आपल्याकडे मोजणीचा नकाशा हातात आला की बहुतेक जण क्षेत्रफळ बघून कागद मिटतात. या कागदात क्षेत्रफळ सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे. मे १७८५ मध्ये आजोबा शेतात उभे राहून खुणा करत होते, म्हणजे १७८४ साली ते मेले नव्हते. घरातली गोष्ट खरी होती, साल चुकलं होतं. आज १७८६ चा मे महिना धरला जातो. दुसरं, एकाच कागदावर, एकाच दिवशी, एकाच कारकुनाच्या हाताने 'लिंकन' आणि 'लिंकहॉर्न' ही दोन्ही रूपं लिहिली गेली. केंटकीतल्या उच्चारात शेवटचा स्वर असा ओढला जाई आणि कारकून कानाला आलं तसं लिही. 'आमच्या आडनावाचं स्पेलिंग वेगळं आहे, ते लोक आमच्यातले नव्हेत' हे वाक्य कुठल्याही वंशशोधात ऐकू येतं. त्याला हा कागद दाखवावा.

आजोबा मारले गेले जेफरसन काउंटीत. त्यांच्या मालमत्तेचा कारभारी मात्र १७८८ मध्ये नेमला गेला नेल्सन काउंटीच्या कोर्टात, कारण विधवा बाथशिबा मुलांना घेऊन तिकडे सरकली होती. पुढे त्याच मुलखातून वॉशिंग्टन काउंटी निघाली, जिथे डेव्हिडने त्यांना पाहिलं. नवऱ्याच्या मृत्यूचा ठावठिकाणा शोधायचा तर बायको नंतर कुठे गेली ते बघायचं, हे मी या एका प्रकरणातून शिकलो.

वॉशिंग्टन काउंटीचं एक देणं अजून आहे. लिंकनच्या आईवडिलांचं लग्न झालंच नव्हतं, अशी कुजबुज अध्यक्ष मेल्यावर बरीच वर्षं चालली. कारण लोकांनी नोंद शोधली हार्डिन काउंटीत, थॉमस लिंकन तिथे राहत होते म्हणून. तिथे कागद नव्हता. कागद नाही म्हणजे लग्न नाही, असा सोपा हिशेब झाला. १८७८ मध्ये वॉशिंग्टन काउंटीच्या दप्तरात तो सापडला: १० जून १८०६ चं ५० पौंडांचं हमीपत्र, त्यावर थॉमस लिंकनची सही, आणि १२ जूनला लग्न लावल्याची धर्मोपदेशक जेसी हेड यांची नोंद. नॅन्सी हँक्स त्या काउंटीत राहत होती आणि लग्नाचा परवाना मुलीच्या काउंटीत काढायची रीत होती. लग्न मुलीच्या माहेरी होतं, हे कुठल्याही मराठी माणसाने दोन मिनिटांत सांगितलं असतं. तिथे ते कळायला एका बाईची अब्रू इतकी वर्षं टांगणीला लागली.

गाडीतलं दप्तर, टेकडीवरचे दगड

आता व्हर्जिनिया. रॉकिंगहॅम काउंटीचं कोर्टाचं दप्तर १८६४ च्या जूनमध्ये जळालं. यादवी युद्धात उत्तरेचं सैन्य तिथल्या शेनान्डोआ खोऱ्यात घुसलं, तेव्हा नोंदवह्या गाडीत भरून सुरक्षित जागी हलवायला काढल्या होत्या. जनरल हंटरच्या सैनिकांना ती गाडी सापडली आणि त्यांनी पेटवून दिली. बऱ्याच वह्या गेल्या, काही अर्धवट वाचल्या. म्हणजे लिंकनच्या आजोबांच्या काउंटीचं दप्तर लिंकनच्याच सैन्याने जाळलं. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने 'फार जुळवून आणलंय' म्हणून खोडलं असतं.

पण रॉकिंगहॅम काउंटी झाली १७७८ मध्ये. त्याआधी हा सगळा भाग ऑगस्टा काउंटीत होता आणि तिची कचेरी स्टॉन्टनला. पणजोबा जॉन लिंकन इथे लिनव्हिल क्रीकच्या काठी ६०० एकर घेऊन आले १७६८ मध्ये, म्हणजे ऑगस्टाच्या काळात. त्यांनी आपल्या जमिनीतले तुकडे अब्राहम आणि आयझॅक या मुलांच्या नावे केले ते १७७३ मध्ये. बाप-लेकाचं नातं सांगणारे हे कागद स्टॉन्टनला होते, म्हणून वाचले. काउंटी आधीच फुटली असती तर तेही त्या गाडीत गेले असते.

लिनव्हिल क्रीकला लिंकन घराण्याचं खासगी कबरस्तान अजून आहे. अमेरिकेच्या ग्रामीण भागात अशी कबरस्तानं खूप: शेताच्या उंचवट्यावर दहा-वीस दगड, भोवती कुंपण असलं तर असलं. चर्चच्या वहीत त्यांची नोंद नसते. गावच्या म्हाताऱ्याला ठाऊक असतं, किंवा कुणी काउंटीचा इतिहास लिहिताना त्याची चौकशी केलेली असते. इथे लिंकन घराण्याच्या पाच पिढ्या आहेत. शिवाय दोन दगड आहेत क्वीन आणि अंकल नेड यांचे. हे दोघे या घराचे गुलाम होते. गुलामगिरी संपवणाऱ्या अध्यक्षाचे चुलते-चुलतभाऊ गुलाम बाळगून होते, हे डेव्हिडच्या पत्रव्यवहारातून कळत नाही, कबरस्तानातून कळतं. क्वीन आणि नेड यांचे वंशज आज शोधायला निघाले तर मी इथवर सांगितलेली निम्मी साधनं त्यांना निरुपयोगी आहेत. १८७० पूर्वीच्या जनगणनेत गुलामांची नावंच नाहीत, मालकाच्या खाली वय आणि लिंग तेवढं. खरेदीखतं आहेत, पण त्यांत ते स्वतःच विकले जात असतात.

जॉन कुठून आले? घरचं म्हणणं बर्क्स काउंटी. बर्क्स काउंटीच्या इतिहासांत एक्सेटर टाउनशिपमधल्या लिंकन मंडळींचा उल्लेख येतो. तिथल्या मॉर्डेकाय लिंकनचं १७३३ चं दगडी घर आजही उभं आहे. हा मॉर्डेकाय १७३६ मध्ये वारला. बर्क्स काउंटी जन्मली १७५२ मध्ये. तेव्हा त्याचं मृत्युपत्र बर्क्सच्या कचेरीत असणं शक्यच नाही, ते फिलाडेल्फियाला.

क्वेकर असल्याची आठवण अर्धीच खरी. मंडळी क्वेकरांच्या शेजारात राहिली, त्यांच्यात सोयरीक झाली. मॉर्डेकायच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या अब्राहम नावाच्या मुलाने केंटकीची वाट उघडणारे म्हणून प्रसिद्ध डॅनियल बून यांच्या चुलतघराण्यातल्या अ‍ॅन बूनशी लग्न केलं आणि पंथाबाहेर लग्न केल्याबद्दल तिला आपल्या क्वेकर मंडळींपुढे चूक कबूल करावी लागली. नवरा क्वेकर असता तर तो प्रसंग आला नसता. शेजाऱ्याचा धर्म दोन पिढ्यांनी आपला म्हणून आठवतो, हे बऱ्याच घरांत होत असावं.

मधला दुवा

इथपर्यंत सगळं बरं चाललं. अडकलं ते असं. मॅसॅच्युसेट्सच्या हिंगहॅममध्ये सॅम्युएल लिंकन नावाचा विणकर १६३७ मध्ये इंग्लंडहून आला, त्याचा मुलगा मॉर्डेकाय, आणि त्या मॉर्डेकायला पुन्हा मॉर्डेकाय आणि अब्राहम हे मुलगे. हे गावाच्या वह्यांवरून माहीत होतं. पेनसिल्व्हेनियात मॉर्डेकाय नावाचा एक लिंकन होता. व्हर्जिनियात जॉन. या तिघांची साखळी जुळेना. पेनसिल्व्हेनियाचा मॉर्डेकाय थेट इंग्लंडहून आला असेल, जॉन त्याचा कुणीच नसेल. हिंगहॅममध्ये तर लिंकन नावाचे इतके लोक की एकाच काळात चार थॉमस लिंकन होते. गावकऱ्यांनी त्यांना धंद्यावरून ओळखायचं ठरवलं: थॉमस विणकर, थॉमस पिंपवाला, थॉमस गिरणीवाला, थॉमस शेतकरी. अशा गर्दीत 'नाव तेच आहे' या पुराव्याला किंमत किती?

थोडी आहे, पण नावांच्या जोडीला. मॉर्डेकाय आणि अब्राहम ही जोडी एकत्र वारंवार येते. त्यातलं अब्राहम हे नाव घराण्यात आलं आईकडून. हिंगहॅमच्या पहिल्या मॉर्डेकायची बायको सारा जोन्स, तिच्या वडिलांचं नाव अब्राहम जोन्स. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याला नवी नाही. आईच्या बाजूच्या आजोबांचं नाव पुढे सरकत राहिलं की ते बापाच्या आडनावाइतकीच वाट दाखवतं. पण वाट दाखवणं आणि पोचवणं वेगळं.

सगळे शोधत होते मॅसॅच्युसेट्स आणि पेनसिल्व्हेनियात. दुवा होता मधे, न्यू जर्सीत. घराण्याच्या कुठल्याच गोष्टीत न्यू जर्सीचं नाव नव्हतं.

सॅम्युएल शॅकफर्ड या शिकागोकडच्या गृहस्थाने, जो स्वतः त्या विणकर सॅम्युएलचा वंशज होता, १८८७ मध्ये बोस्टनच्या वंशशास्त्रीय नियतकालिकात जुळणी छापली. कळीचा कागद १७४८ चा. पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर काउंटीतला जॉन लिंकन, धंदा विणकर, मॉर्डेकायचा मुलगा आणि वारस, न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीतली ३०० एकर जमीन विकतो. आता फिलाडेल्फियाचं १७३६ चं मृत्युपत्र पुन्हा काढा. त्यात मॉर्डेकायने पेनसिल्व्हेनियातली जमीन धाकट्या मुलांना दिली आहे आणि थोरल्या जॉनला दिली आहे जर्सीतली ३०० एकर. एवढी वर्षं तो उल्लेख डोळ्यांसमोर होता. पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्याकडे दूर जर्सीत जमीन का, हा प्रश्न विचारला की पुढचं आपोआप उलगडतं. सातबाऱ्यावर भलत्याच गावचा गट नंबर दिसला तर चौकशी करावी, तसं.

जर्सीत त्याचं सासर होतं. मनमथ काउंटीतल्या रिचर्ड सॉल्टरची मुलगी हॅना ही मॉर्डेकायची पहिली बायको. तिचा मामा जॉन बाउन याने १७१४ च्या मृत्युपत्रात भाची हॅना लिंकन हिचा उल्लेख केला आहे, म्हणजे लग्न त्याआधीचं. पणजोबा जॉनचा जन्म १७१६ चा, जर्सीतला. मागे मॅसॅच्युसेट्समध्ये पहिला मॉर्डेकाय १७२७ मध्ये वारला, त्याच्या मृत्युपत्रात मॉर्डेकाय आणि अब्राहम या मुलांना ठेवलेली रक्कम ही त्यांना आधी दिलं त्याहून वेगळी, असं लिहिलं आहे. आधी घेऊन घर सोडलेली मुलं; त्यातला मॉर्डेकाय हाच पुढे जर्सीत आणि पेनसिल्व्हेनियात दिसतो. धंदाही जुळतो: बाप लोखंडाच्या भट्टीचा माणूस, मुलगाही पेनसिल्व्हेनियात आल्यावर लोखंडाच्या कारखान्यात भागीदार.

आणि मग कबर. मनमथ काउंटीत अ‍ॅलनटाउनच्या पलीकडे कोव्हेल्स हिलवर रॉबिन्स घराण्याचं जुनं कबरस्तान आहे. तिथे एक छोटा दगड: डेबोरा लिंकन, वय ३ वर्षं ४ महिने, १५ मे १७२०. आडनावातलं एक अक्षर कोरणाऱ्याने गाळलं आहे. ही मॉर्डेकाय आणि हॅनाची मुलगी, जॉनची धाकटी बहीण. मोठ्या माणसांच्या कागदांत ती कुठेच नाही, असायचं कारणही नाही. तीन वर्षांच्या मुलीला कोण जमीन देणार? पण १७२० च्या मे महिन्यात हे कुटुंब इथे राहत होतं, हे तिच्या दगडाइतकं ठामपणे सांगणारं दुसरं काही नाही. मेलेलं मूल जिथे असतं तिथे आईबाप असतातच.

दगड कधी बसवला?

डेबोराचा दगड त्या काळचा आहे म्हणून त्याचा शब्द चालतो. सगळ्या दगडांना ही किंमत देऊ नये. आजोबा अब्राहम यांची समजली जाणारी कबर लाँग रन बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात आहे, तिच्यावरचा दगड १९३७ मधला. मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी बसवलेला दगड म्हणजे एकोणीसशे सदतीस सालच्या लोकांचं मत. ते बरोबर असेलही. लिंकनची आई इंडियानात ५ ऑक्टोबर १८१८ रोजी वारली, दुधातून येणाऱ्या विषबाधेने. गाईंनी एक विषारी पांढऱ्या फुलांचं झुडूप खाल्लं की ते विष दुधात उतरे. तिच्या कबरीवरचा आजचा मुख्य दगड १८७९ चा, जागा शेजाऱ्यांच्या आठवणीवरून ठरवलेली. वडील १८५१ मध्ये इलिनॉयच्या कोल्स काउंटीत वारले. ३१ जानेवारी १८६१ ला, वॉशिंग्टनला निघण्यापूर्वी, लिंकन त्या कबरीपाशी जाऊन आले. तिच्यावर मोठं स्मारक उभं राहिलं ते त्यांच्याही मृत्यूनंतर.

कबरस्तानात गेलात तर दगडाचा फोटो काढण्याआधी दगडाचा प्रकार बघा. अठराव्या शतकातल्या माणसावर चकचकीत ग्रॅनाइट असेल तर तो नातवंडा-पणतवंडांनी बसवला आहे. शेजारच्या चार ओळींतली नावंही उतरवा. जावई आणि मामा तिथेच सापडतात.

काउंटीच्या इतिहासांबद्दलही असंच. १८७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शंभरी होती. काँग्रेसने ठराव करून सुचवलं की प्रत्येक गावाने, काउंटीने आपला इतिहास लिहून त्या ४ जुलैला वाचावा. प्रकाशकांना धंदा दिसला. पुढची तीस-चाळीस वर्षं जाडजूड ग्रंथ निघाले. विक्रेता दारोदार फिरून वर्गणी घेई आणि वर्गणीदाराचं चरित्र पुस्तकात छापलं जाई, फोटोचे पैसे वेगळे. साहजिकच प्रत्येक जण कष्टाळू, सचोटीचा आणि मान्यवर निघाला. यातली चरित्रं वाचताना स्वतः माणसाने सांगितलेलं, त्याच्या बापाबद्दलचं, बऱ्यापैकी धरावं. पणजोबांबद्दलचं पेन्सिलीने लिहून ठेवावं. 'तीन भाऊ जहाजातून आले' असं दिसलं तर पान उलटावं. आपल्याकडेही अमक्या गावाहून निघालेले मूळ पुरुष फार वेळा तीन भाऊच असतात. या ग्रंथांचा खरा उपयोग कंटाळवाण्या प्रकरणांत आहे. कुठलं चर्च कधी सुरू झालं, ओढ्याचं जुनं नाव काय, काउंटी कशातून निघाली, पहिले ज्युरी कोण. लाँग रनचं पूर्वीचं नाव कळल्याशिवाय मोजणीचा कागद नकाशावर ठेवता येत नाही.

शॅकफर्डनंतर १९०९ मध्ये दोन संशोधकांनी लिंकनच्या वंशावर मोठा ग्रंथ काढला, इंग्लंडपर्यंत जाऊन. त्यात हिंगहॅमचं नातं कायम झालं. लिंकन सप्टेंबर १८४८ मध्ये प्रचाराला मॅसॅच्युसेट्समध्ये गेले, तेव्हा वुस्टरला माजी गव्हर्नर लीव्हाय लिंकन यांच्या घरी जेवायला होते. दोघेही त्या विणकर सॅम्युएलचे वंशज. पंक्तीला दूरचे भाऊबंद बसले होते आणि आडनाव एकच आहे यापलीकडे पुरावा कुणाकडेच नव्हता. ज्या कागदाने नातं लागलं तो १७४८ चा, त्या साली बरोबर शंभर वर्षांचा झाला होता.

२१ फेब्रुवारी १८६१. नवनिर्वाचित अध्यक्षांची गाडी वॉशिंग्टनच्या वाटेवर न्यू जर्सीची राजधानी ट्रेंटनला थांबली. राज्याच्या सिनेटपुढे ते बोलायला उभे राहिले. लहानपणी जॉर्ज वॉशिंग्टनचं एक छोटं चरित्र हाती लागलं होतं, त्यातल्या सगळ्या लढायांपेक्षा इथली, ट्रेंटनची, लढाई माझ्या मनावर जास्त ठसली, असं त्यांनी सांगितलं. न्यू जर्सीशी असलेलं आपलं नातं म्हणून त्यांना एवढं एकच सांगता आलं. डेबोराचा दगड तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर होता.